भंगारात जिचे पार्ट भेटते

आमची बुढी तिसऱ्या किल्लीला उठायची. पहिल्या किल्लीला नुसती खाकरायची, दुसरीला रुसल्यासारखी गप्प बसायची आणि तिसरीला अख्ख्या गल्लीला कळेल अशी धडधडून जागी व्हायची. पहिल्या आणि दुसऱ्या किल्लीच्या मध्ये ड्रायव्हर काका सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी सोडत. "उठू द्या तिले. आपण तरी एका हाकेत उठतो का, ताई?"

बुढी म्हणजे आमची मालवाहू पिकअप. 2010 च्या दसऱ्याला घेतलेली, एमएच 31 पासिंगची. कंपनीचं नाव लिहीत नाही. पंधरा वर्षं जिच्या जिवावर घर चाललं तिची चारचौघांत बदनामी करणं बरं नाही, आणि पुढे जे लिहिणार आहे त्यात बदनामीच जास्त आहे.

आमचं बिछायत केंद्र आहे. पुण्या-मुंबईकडे मंडप कॉन्ट्रॅक्टर म्हणतात. आमच्या विदर्भात पाटीवर 'बिछायत केंद्र'च लिहिलेलं असतं. मंडप, सतरंज्या, गाद्या, लोड, खुर्च्या, गंज म्हणजे मोठाली पातेली, कढया, झारे, पाण्याचे ड्रम. चार माणसं एका जागी जमली की जे जे लागतं ते सगळं भाड्यानं द्यायचं. दुकान नागपूरच्या महाल भागात, गोदाम दिघोरीच्या बाजूला. आजोबांच्या वेळी माल बंडीनं जायचा, मग हातठेल्यानं, मग भाड्याच्या टेम्पोनं. स्वतःची गाडी बाबांच्या काळात आली. मी एका शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी दुकानाचा हिशोब पाहते. भाऊ पुण्याला आहे, तो फोनवर सल्ले पाहतो.

लोकांना वाटतं हा लग्नाचा धंदा. वर्धा रोडला, काटोल रोडला, कोराडी रोडला लग्नाचे लॉन झाले तेव्हापासून शहरातली लग्नं आमच्याकडून जवळजवळ गेली. लॉनवाल्याकडे चमच्यापासून चांदव्यापर्यंत सगळं त्याचं स्वतःचं असतं. आता आमच्याकडे येतात ती खेड्यातली लग्नं, गणपतीतले आणि दुर्गोत्सवातले भंडारे, वास्तू, बारसं, आणि तेरवी. अर्धा धंदा मयतीचा आहे म्हणा ना. लग्न तारीख सांगून येतं, मयत सांगून येत नाही. रात्री अडीचला फोन वाजतो. पलीकडचा माणूस फार बोलत नाही. पन्नास खुर्च्या, एक ताडपत्रीचा मंडप, दोन सतरंज्या, पाण्याचा ड्रम. उजाडायच्या आत सगळं त्या दारात उभं राहायला पाहिजे, कारण उजाडलं की माणसं यायला लागतात, आणि एप्रिल-मे असेल तर नऊ वाजता नागपूरच्या उन्हात पाच मिनिटं उभं राहवत नाही. लग्नघरी उशीर झाला तर मामा, काका, नवरदेवाचा मेहुणा असे तिघंजण आळीपाळीनं शिव्या घालतात आणि शेवटी भाड्यातून दोन हजार कापतात. विषय संपतो. मयतीच्या घरी उशीर झाला तर कोणी काहीच म्हणत नाही. म्हातारी माणसं भिंतीच्या सावलीला सरकत सरकत उभी असतात, बस. बाबांना त्या न बोलण्याची फार भीती.

म्हणून आमच्या घरात 'भरवशाची गाडी' हा शब्द पंधरा वर्षं रोज वापरला गेला. आणि मजा म्हणजे तो बुढीसाठी वापरला गेला, जी महिन्यातून एकदा कुठेतरी उभी राहायचीच.

मे महिन्यातली एक रात्र सांगते. देवलापारच्या पुढे एका गावात लग्नाचा माल उतरवून परत यायचं होतं. मी बरोबर होते, कारण पैसे मोजून घ्यायचे होते आणि बाबांना ताप होता. जबलपूरकडे जाणारा तो रस्ता पेंचच्या जंगलातून जातो. दिवसा देखणा, रात्री नुसता काळा. बुढीनं दोन हिसके दिले आणि बंद. मला घाम फुटला. काकांनी मात्र आधी खिडकीबाहेर डोकं काढून वास घेतला, मग म्हणाले, "हवा पकडली तिनं." सीटखालून दहा नंबरचा पाना काढला. मी मोबाईलचा टॉर्च धरला. डिझेल फिल्टरवरचा बोल्ट थोडा सैल केला, शेजारचा हातपंप दाबत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेलची धार. बोल्ट आवळला, हात पुसले, तीन किल्ल्या मारल्या. पंधरा मिनिटंही लागली नसतील. रामटेकच्या फाट्यावर चहा पिताना मी विचारलं, तुम्हाला कळलं कसं? म्हणाले, "तिचे दोनच आजार हाये असे हिसका देऊन बंद पडाचे. दुसरा असता तं आधी घुरघुरली असती."

हे वाक्य मला तेव्हा गंमतीचं वाटलं. त्याचा अर्थ लागायला गाडी बदलायची वेळ यावी लागली.

ती वेळ कागदानं आणली. व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी फिटनेस, म्हणजे गाडीची सरकारी तपासणी, करून घ्यावी लागते, त्यानंतर दरवर्षी. इकडे त्याला 'पासिंग' म्हणतात आणि परीक्षेसारखीच तयारी करतात: दिवे, हॉर्न, मागच्या लाल-पांढऱ्या रिफ्लेक्टर पट्ट्या, ब्रेक, आणि ऐन वेळी सापडत नाही ती पीयूसी. एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांसाठी ही फी कितीतरी पटींनी वाढली. सरकारला म्हाताऱ्या गाड्या रस्त्यावर नको आहेत, हे फीच्या आकड्यातच लिहिलेलं आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये बुढीला पंधरा पूर्ण होत होते. त्याच वर्षी काकांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकायला आला. दोन म्हाताऱ्यांना एकदम पासिंगला बोलावणं आलं, असं बाबा म्हणाले आणि हसले नाहीत.

नवी गाडी घ्यायची ठरल्यावर घरात जो तो तज्ज्ञ झाला. भावानं पुण्याहून एक तक्ता पाठवला. त्यात अश्वशक्ती, टॉर्क, मायलेज असे रकाने होते आणि शेवटी 'एकूण गुण'. शेजारच्या भांडेवाल्यांनी छोटा हत्ती सुचवला. टाटा एस 2005 साली आली तेव्हा दोन सिलिंडरचं 702 सीसीचं इंजिन घेऊन आली होती, आणि हातठेल्यावर आयुष्य काढलेल्या किती माणसांना तिनं पहिल्यांदा स्टिअरिंग दिलं! छोटा हत्ती हे नाव लोकांनी तिला उगीच ठेवलं नाही. पण तिचा माल ठेवायचा हौदा सव्वासात फुटांचा. आमचे मंडपाचे पाइप दहा फुटी.

इलेक्ट्रिकचाही विचार झाला. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला अर्धा तास लावून पटवलं. एस ईव्हीचं एक टनाचं मॉडेल आहे, एका चार्जिंगमध्ये 161 किलोमीटर असा कंपनीचा आकडा आहे. शहरातल्या शहरात डबे, गॅस सिलिंडर, कुरिअर पोहोचवणाऱ्याला ती उत्तमच. पण देवलापारला जाऊन येऊनच एकशेतीस-चाळीस होतात, आणि ज्या घरी मयत झाली त्या घरी "दादा, जरा चार्जिंगला लावू का?" म्हणून विचारायची माझी हिंमत नाही. सीएनजीचं नाव काढलं तर बाबांना 2022 आठवतं, तेव्हा नागपुरात सीएनजी 120 रुपये किलोपर्यंत गेला होता आणि सीएनजीच्या गाडीवाल्यांचे चेहरे पाहवत नव्हते. तोही विषय तिथेच संपला.

राहिल्या डिझेलच्या पिकअप. टाटाची इंट्रा आणि योद्धा, अशोक लेलँडची दोस्त आणि बडा दोस्त, महिंद्राची बोलेरो पिकअप आणि तिची थोडी नटलेली बहीण मॅक्स पिकअप. कागदावर सगळ्या गोमट्या. सगळ्या दीड टनाच्या आजूबाजूला वाहतात, सगळ्या बीएस सहा या प्रदूषणाच्या नियमातल्या, सगळ्यांचं इंजिन कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारं.

माझी झोप या शेवटच्या गोष्टीनं उडवली होती. बुढीचा पंप मेकॅनिकल होता. पाना आणि कान एवढ्यावर तो दुरुस्त व्हायचा. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेल साध्या हवेच्या हजारपटीहून जास्त दाबानं एका नळीत भरलेलं असतं, आणि कोणत्या सिलिंडरला किती थेंब केव्हा द्यायचा ते ईसीयू नावाची डबी ठरवते. धूर कमी, एव्हरेज चांगलं, आवाज गोड. पण एखादा सेन्सर बिघडला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, गाडी जोर सोडते, आणि मग ती काय म्हणते ते वाचायला स्कॅनर लागतो. रात्री दोन वाजता पेंचच्या जंगलात स्कॅनर कोण आणणार?

शोरूममध्ये हा प्रश्न विचारला. टाय लावलेला पोरगा म्हणाला, "मॅम, चोवीस तास रोडसाइड असिस्टन्स आहे, टोल फ्री नंबर आहे." बाबांनी विचारलं, तो नंबर उचलणारा कुठे बसतो? पोराला ते माहीत नव्हतं. मग त्यानं घाईघाईनं टॉर्क सांगितला. बाबा शांतपणे म्हणाले, "बाळा, टॉर्क असू दे. मागचा फाळका पडतो का पूर्ण? हमालाच्या पोटरीला लागतो का?" पोरगा चांगला होता हो, त्यानं खरंच खाली वाकून पाहिलं.

आमचे वाडीचे मिस्त्री याबाबतीत जास्त कामाचे निघाले. अमरावती रोडवरची वाडी म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्यांची पंढरी. तिथे त्यांचं टिनाच्या शेडचं गॅरेज आहे. मी त्यांना भावाचा तक्ता दाखवला. त्यांनी ग्रीसचे हात लागू नयेत म्हणून तो कोपरानं बाजूला सरकवला आणि मला चारशेसातची गोष्ट सांगितली. टाटा 407 आली 1986 साली. तेव्हा जपान्यांशी हातमिळवणी केलेल्या गाड्यांची नुसती रांग लागली होती: डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा, ऑल्विन निसान. गाड्या एकाहून एक देखण्या. "त्यातल्या किती आज दिसते तुम्हाले? चारशेसात पाहा, अजून खाणीत गिट्टी वाहून राह्यली. काहून? लोखंड लई भारी होतं म्हणून नाई. तिले कोणताही पोट्टा कोणत्याही गावात खोलू शकते म्हणून." मग मलाच दाखवायला म्हणून टेबलाच्या खणातून एक काळी पेटी काढली. स्कॅनर! दोन वर्षांपूर्वीच घेतला म्हणे. "हा सगळ्या गाड्या वाचते. पण वाचून फायदा काय? वाचल्यावर जो पार्ट लागते तो आज भेटला पाहिजे. उद्या भेटला तं तुमचा मुर्दा उठून जाते." मिस्त्रींना आमचा धंदा बरोबर कळलेला आहे.

एका रविवारी पहाटे मी कळमन्याच्या घाऊक बाजारात गेले. काका सोबत आले, डोळ्यात थेंब टाकून. संत्र्याला अजून अवकाश होता. मोसंबीचे ढीग पडले होते आणि कांदे-बटाट्याकडे हमालांची पळापळ चालू होती. मी गाड्या मोजायचं ठरवून गेले होते, गणिताची बाई ना! थोड्या वेळात वही बंद केली, कारण बोलेरो पिकअपचा तोच तो चौकोनी तोंडवळा पुन्हा पुन्हा येत होता. त्यापेक्षा ड्रायव्हरांशी बोलत बसले. सगळ्यांना तीनच प्रश्न. गाडी शेवटची कुठे बंद पडली? कोणी दुरुस्त केली? किती वेळ लागला?

कोणीही "माझी बंद पडतच नाही" म्हणालं नाही. एक तरुण म्हणाला होता, पण त्याची गाडी चार महिन्यांची होती. बाकीच्यांच्या उत्तरांत मला एक गोष्ट दिसायला लागली. बंद पडल्याचं दुःख कोणालाच नव्हतं. किती वेळ उभी होती, त्याचं होतं. एक जण लिवरसारख्या क्षुल्लक वस्तूसाठी तीन दिवस थांबला होता, तेव्हापासून त्या गाडीचं नाव घेताना थुंकायचा. दुसऱ्याची क्लच प्लेट कोंढाळीजवळ गेली, तिथल्याच गॅरेजमध्ये दुपारपर्यंत बसली, आणि तो माणूस गाडीचं कौतुक करत होता! क्लच प्लेट गेली त्या गाडीचं!

नरखेडच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं, मोसंबीची साल काढता काढता, माझ्याकडे न पाहता सांगून टाकलं. "ताई, भंगारात जिचे पार्ट भेटते थेच गाडी घ्या. जिचे मेलेले भाऊ-बहीण बाजारात हाये, ते कवा अनाथ होत नाई."

परत येताना पारडीच्या पुलावर काका म्हणाले, बरोबर बोलला तो. मी मात्र देवलापारच्या रात्रीत अडकले होते. बुढी भरवशाची होती हे आम्ही पंधरा वर्षं म्हणत आलो. ती नव्हतीच. तिचे आजार काकांना पाठ होते. कोणता आवाज कशाचा, कोणता वास कुठला, उन्हात कुठली नळी आधी फुगते, थंडीत कुठला बोल्ट धरतो. भरवसा म्हणून आम्ही ज्याला म्हणत होतो तो काकांच्या कानात होता, मिस्त्रींच्या टिनाच्या शेडमध्ये होता, आणि वाडीच्या त्या बोळात होता जिथे जुन्या गाड्यांचे गिअर बॉक्स माठांसारखे ओळीनं मांडलेले असतात. आपण भावाच्या तक्त्यात जो रकाना शोधत होतो तो तक्त्यात नव्हता म्हणून सापडत नव्हता.

मग मोजमापाला बसलो. बाबा मंडपाची टेप आणि एक गंज घेऊन निघाले. हो, गंज घेऊन. आमच्याकडे मोठ्या स्वयंपाकाचे चार गंज आहेत, तोंडाशी प्रत्येकी पावणेतीन फूट. बुढीत ते दोन-दोन शेजारी बसायचे. बाकी सगळं सामान त्यांच्या भोवती आणि त्यांच्या पोटात रचायची काकांची पद्धत ठरलेली. भात निपटायच्या झाऱ्यापासून वाट्यांच्या पोत्यांपर्यंत सगळं गंजांच्या पोटात. म्हणजे हौद्याची रुंदी साडेपाच फूट तरी हवीच. आता बघा. इंट्रा किंवा दोस्तचा हौदा 1620 मिलिमीटर रुंद, म्हणजे पाच फूट चार इंचांच्या आत. बोलेरो पिकअपचा 1700, साडेपाच फुटांहून बोटभर जास्त. ऐंशी मिलिमीटरचा फरक, चार बोटं. जगातल्या कोणत्याही माहितीपत्रकात या चार बोटांना कोणी गुण दिलेले नाहीत. आमच्यासाठी तेवढ्यावर निम्मा निकाल लागला. शोरूमच्या चकचकीत फरशीवर गंज टेकवून बाबा आणि काका तो एकदा इकडे, एकदा तिकडे सरकवत होते तेव्हा एक कुटुंब लाल रंगाची एसयूव्ही घ्यायला आलं होतं. त्यांच्या लहान मुलीनं विचारलं, "मम्मी, ये लोग यहाँ खाना बनाएंगे क्या?"

लांबीचं भांडण वेगळं झालं. मॅक्स पिकअपच्या मोठ्या मॉडेलला दहा फुटांचा हौदा आहे, पाइप आडवे ठेवून फाळका बंद होईल. पाइप मागे लोंबकळत ठेवून त्याला लाल फडकं बांधायचे दिवस गेले. आता ते थेट चलानाचं निमंत्रण, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या जिवाचा प्रश्न. मी दहा फुटांच्या बाजूनं होते. काका नऊच्या. "तुम्ही हिशोबात बोलता, मी बडकस चौकात बोलतो," ते म्हणाले. महालच्या गल्लीत दुकानापुढे गाडी उलटी घालायची म्हणजे एका बाजूला पानठेला, दुसऱ्या बाजूला कोणाची तरी स्कूटर, मध्ये गाय. तिथे एक फूट जास्त म्हणजे दहा मिनिटं जास्त. शेवटी बोलेरो पिकअपची 1.7 टनाची नऊ फुटी ठरली, केबिनच्या वर लोखंडी घोडी बसवायची, पाइप त्यावर तिरपे. वजनाचं मी बघून घेतलं: चारशे खुर्च्या, चार गंज, मंडप, पाइप, तीन माणसं, सगळं मिळून टनाच्या पुढे-मागे. आमचा माल वजनापेक्षा जागा खातो.

टोकन द्यायला निघालो आणि 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली. बाबांनी चेकबुक परत कपाटात ठेवलं. मग आठवडाभर शोरूमचे फोन, "सर, किंमत कमी होणार नाही, अफवा आहे." बाबा 'हाव, हाव' म्हणत आणि फोन ठेवत. मध्ये पोळा झाला, तान्हा पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन आली, पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यामागे सगळा महाल ओरडत गेला. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, मालवाहू गाड्यांवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला. वर्गात मी हेच उदाहरण घातलं: करासह 10 लाखांची वस्तू, कर 28 वरून 18 झाला तर नवी किंमत किती? अर्ध्या वर्गानं एक लाख वजा केले. उत्तर 9 लाख 21 हजार 875, म्हणजे बचत 78 हजारांची. एक पोट्टा मागून म्हणाला, "मॅडम, तुम्ही गाडी घेऊन राह्यले का?"

बुढीचं काय करायचं यावर फार बोलणं झालं नाही. एक्स्चेंजमध्ये जी रक्कम सांगितली ती ऐकून काका उठून बाहेर गेले. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली की प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या व्यावसायिक गाडीच्या मोटार वाहन करात 15 टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, म्हणून तो मार्ग धरला. काकांनी आदल्या रात्री तिला धुतली. भंगारात जाणारी गाडी कोणी धुतं का? सीटखालचा दहा नंबरचा पाना काढून घेतला. डॅशबोर्डवरचे ताजबागच्या बाबांचा आणि गजानन महाराजांचा असे दोन फोटो काढले. मागचा गोंद निघेना तेव्हा नखानं खरवडत बसले. चेसिस नंबरचा तुकडा कापतात तो क्षण मी पाहिला नाही. काकांनीही नाही; ते गेटवरच्या शिपायाला खर्रा देत उभे होते. मी उगीच विचार केला, हिचे दरवाजे, हिचा गिअर बॉक्स आता कोणाच्या तरी बुढीला कामी पडेल का. तिथल्या नियमात ते बसतं की नाही, विचारलं नाही.

चालवायचा प्रश्न मी सोडवला, आणि घरात खरा स्फोट तेव्हा झाला. माझ्याकडे कारचं लायसन्स आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं 6 नोव्हेंबर 2024 ला निकाल दिलाय की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येतं. मी निकालाची बातमी बाबांपुढे ठेवली. बाबा म्हणाले, न्यायालयाला महालची गल्ली माहीत नाही. आई म्हणाली, तिला चालवू द्या, नाहीतर रात्री अडीचला तुम्ही चालवणार आहात का? काकांनी ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची घेतली आणि तोवर मला शिकवायचं कबूल केलं. "पण मी बाजूले बसीन. झोपणार नाई." काका दुसऱ्याच्या हाती गाडी असताना कधी झोपत नाहीत. बदली ड्रायव्हर असला तरी रात्रभर डोळे मिटून, कान उघडे ठेवून बसतात.

दसऱ्याला टेकडी गणपतीला नेली. तिथे त्या दिवशी नव्या गाड्यांची एवढी गर्दी की पुजाऱ्यानं आमच्या बॉनेटवर स्वस्तिक काढता काढता शेजारच्या बुलेटवरही एक ओढून घेतलं. झेंडू, लिंबू, चाकाखाली नारळ. पहिल्या किल्लीला सुरू झाली. काका दचकले.

पंधरा दिवसांनी रात्री पावणेतीनला फोन आला. काटोल रोडला, फेटरीच्या पुढचं एक गाव. आम्ही गोदामातून खुर्च्या भरल्या. मंडप, सतरंज्या, चहासाठी एक गंज. मी स्टिअरिंगवर, काका बाजूला, मागे दोन पोरं ताडपत्रीवर. शहर मागे पडलं. गाडी इतकी गुपचूप चालत होती की मला माझ्या बांगड्या ऐकू येत होत्या. काकांनी दोनदा काच खाली करून बाहेर कान दिला, दोनदा वर केली.

"काय झालं?"

"काई नाई. काईच आवाज नाई हिले. माणसानं काय समजाव?"

फेटरी मागे टाकली. रस्त्याला खड्डे लागले तसा मागून आवाज सुरू झाला, टण्... टण्, थांबून थांबून. मी पाय उचलला. काकांनी हात वर केला, म्हणजे चालू ठेव. मान तिरकी करून ते ऐकत राहिले. एक खड्डा, दुसरा, मग एक लांब उतार.

"झाकण होय गंजाचं," ते म्हणाले. "गाडी नाई."

टोपी नाकावर ओढली, खांदा दाराला टेकवला. पुढच्या वळणावर पाहिलं तर काका घोरत होते.